पहिलं नाव मास्तरांचं

“सिताराम मास्तर म्हणजे चांगले वयस्कर असतील असं वाटलं होतं मला,” प्रेमलाताई पंखा वाढवत म्हणाल्या.

पेटीचं झाकण काढून बसलेल्या कमळाकरचा हात थांबला. “मी कमळाकर. मास्तरांचा शिष्य. पण ताई, तुमी फोन मलाच केला ना?”

“मी तर त्यांचंच नाव टाकलं. सासऱ्यांची ही पेटी त्यांच्याच हातची ना! सगळ्यात वर आला तो नंबर लावला.”

त्यांनी मोबाइल पुढे धरला. शोधलेलं नाव होतं ‘सिताराम पेटीवाले बोनकोडे’. त्याखाली बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ आणि लगेच ठळक ‘कमळाकर हार्मोनियम, घरपोच दुरुस्ती’. मास्तरांचं दुकान स्क्रीन बोटाने वर सरकवल्यावर दिसलं.

“मामा, लोक शोधताना काय टाइप करतील ते सांग. त्या शब्दांवर आपली जाहिरात दिसेल,” भाची मनस्वी गणपतीआधी म्हणाली होती. बुवा कीर्तनाला उभे राहिले की आधी गुरूला नमन करतात, मगच अभंगाला हात घालतात. अशा कीर्तनांत पेटीवर बसून कमळाकरचं निम्मं आयुष्य गेलेलं. त्याने हात जोडून सांगितलं, “पहिलं नाव मास्तरांचं लिही.” तिने लिहिलं. त्याला वाटलं, नमन झालं.

फोन येऊ लागले तसा तो भेटेल त्याला ‘गुरुकृपा’ म्हणून सांगत सुटला. पेढे घेऊन मास्तरांच्या पाया पडून आला. “तुजं चाललंय ना? बास,” मास्तर पेढा चघळत म्हणाले होते. “माज्याकडं हल्ली कोन फिरकत नाय.”

कमळाकरने गॅलरीत जाऊन मनस्वीला फोन लावला. “मनू, ते नाव काढ. आत्ता.”

“अरे, अर्धे कॉल त्याच्यावरच येतात!”

“काढ म्हटलं ना!”

“ओके, चिडतोस काय? पण नुसतं काढून नाय भागणार. ‘पेटी दुरुस्ती’ शब्द राहतोच ना. त्याच्याशी मिळतंजुळतं म्हणून मास्तरांना शोधणाऱ्याला तू परत दिसशील. त्यांचं नाव ‘नको’च्या यादीत टाकावं लागेल.”

“कुठं?”

“नको असलेल्या शब्दांची यादी असते. टाकू?”

त्याने आत उघड्या पेटीकडे पाहिलं.

“मामा? टाकू का सिताराम?”

“टाक,” तो म्हणाला आणि मोकळ्या हाताने त्याने स्वतःचा कान धरला.

प्रेमलाताईंना सांगून, खांदेश्वरच्या त्यांच्या घरून पेटी रिक्षात घालून, तो थेट बोनकोड्याला मास्तरांकडे आला. मास्तर ओट्यावर बसले होते. “अडलं काय रं?” त्यांनी पेटीकडे बघून विचारलं.

उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं. मास्तरांना त्यातलं थोडंच कळलं. दारात उभ्या त्यांच्या बायकोला, सरस्वतीकाकूला, सगळं कळलं.

“फोन वाजंना म्हनून मी दोनदा दुरुस्तीला नेला रे तो,” ती म्हणाली. “दुकानवाला हसायचा. म्हने, आजी, फोन चांगला हाय.”

तो पायाशी वाकला. तिने पाय मागे घेतले आणि आत गेली.

“माजं नाव पयलं लिवलंस ना तू? मग?” मास्तर म्हणाले.

“त्याच्यानंच झालं, मास्तर.”

मास्तरांनी पेटी जवळ ओढली. “डोळ्यांना दिसत नाय, पन कान हायेत. बस. भाता मार.”

पंचावन्न वर्षांचा कमळाकर नव्या पोरासारखा फरशीवर बसला. मास्तर कान लावून एकेक पट्टी दाबू लागले. “ढिला मारू नको,” मध्येच ओरडले.

सरस्वतीकाकू चहा घेऊन आली. एक कप मास्तरांपुढे ठेवला. दुसरा हातात धरून थोडी थांबली आणि कमळाकरच्या बाजूला ठेवून गेली.

त्याने मान वर केली नाही. तो भाता मारत राहिला. कपातल्या चहावर साय धरली.