बळीरामच्या वाटणीची भाकरी

फुटलेल्या आरशाच्या काचा हौसाने सुपलीत भरल्या, तोच आतून पुन्हा खळ्ळकन आवाज आला. हिरोने आणखी एक आरसा फोडला होता.

नेरे गावातल्या एका फार्महाउसवर आठवडाभर सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. सिनेमातला हिरो सगळं विसरलेला आणि हरवलेल्या बायकोच्या शोधात वेडा झालेला. बायको समोर बसली तरी त्याला ओळखू येत नसे. एवढं विसरायला त्याला रोज आरसा फोडावा लागे, उंची दारू ओतावी लागे आणि खिडकीत उभं राहून ओल्या डोळ्यांनी डोंगराकडे बघावं लागे. केसांची बट मात्र विसरत नसे, दर वेळी बरोबर त्याच डोळ्यावर येई. हौसाला या सगळ्यांची कीव यायची. खरा विसरलेला माणूस तिच्या घरी होता आणि तो चड्डी घालायला विसरायचा.

तिचा नवरा बळीराम कुंपणापाशी आंब्याखाली बसला होता. ही सगळी जमीन एकेकाळी त्याचीच. मुलाच्या, धनेशच्या हळदीला गावाने तोंडात बोटं घालावीत म्हणून त्याने ती विकून पैसा फुंकून टाकला. बेंजो वाजला, बोकड कापले, अख्खं गाव झिंगून पडलं आणि शुद्धीवर आल्यावर मटणात मीठ कमी होतं म्हणून नावं ठेवून मोकळं झालं. धनेश आता कामोठ्यात रिक्षा चालवतो. जिथे भात लावला तिथल्याच फरशा हौसा पुसते. त्या हळदीनंतर नवऱ्याबद्दल एक बरा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता.

पुढे बळीराम विसरू लागला. धनेशला विसरला, हौसाला विसरला, स्वतःचं नावही विसरला. शेत तेवढं डोक्यात राहिलं. ते कोणी विकलं, या एकाच वेडात त्याचा दिवस जाई.

“बाय, माजं शेत कोनी इकलं गं?”

“हाय एक.”

“नाव काय त्याचं?”

“त्याचं नाव मी घेत नाय.”

हे खरंच होतं. लग्नातला उखाणा सोडला तर हौसाने कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात कोणी विचारलं तरी ती शेजारणीला पुढे करी. बळीरामला वाटे, विकणारा इतका हलकट असणार की बाई त्याचं नावसुद्धा घेत नाही. “बरं करतंस. असल्या भिकारड्याचं नाव घेऊ नये,” असं म्हणून तो समाधानाने तंबाखू मळायला घेई. हौसाला ते शंभर टक्के पटत असे, त्यामुळे तिच्यावर कधी खोटं बोलायची पाळी आली नव्हती.

हे बोलणं सिनेमाच्या दिग्दर्शकाने ऐकलं. चारुदत्त त्याचं नाव. डोक्यावर टोपी, गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली विजार. त्याने पाणी भरणाऱ्या बुधाजीला सिगारेट देऊन सगळी हकिकत काढून घेतली.

“मावशी, काकांना फक्त खरं काय ते सांगायचं,” तो म्हणाला. “आम्ही त्यांची रिअॅक्शन शूट करू. माझ्या हिरोला असं काहीतरी जेन्युइन बघायचंय.”

“आन त्यानला समजून काय होनार?”

“अहो, तोच तर क्लायमॅक्स आहे.”

“नाय,” म्हणून हौसाने केरसुणी उचलली. नाय म्हटलं की संपलं, अशी तिची समजूत. या लोकांना ती कुठून असणार?

दुपारी मागची भांडी घासून ती पुढे आली, तर आंब्याखाली बळीरामला खुर्चीत बसवलेलं. समोर कॅमेरा, शेजारी हनुवटीला हात लावून हिरो.

“काका, तुमचं शेत बळीरामने विकलं,” चारुदत्त सांगत होता. “बळीराम कोण, आठवतंय का?”

“बळीराम,” बळीराम हळूच म्हणाला. तो आपले हात उलटेपालटे करून बघू लागला.

इतकी वर्षं त्याने ज्याला शिव्या घातल्या तो आता त्याला स्वतःतच सापडणार होता. या माणसाला एकदा तरी लाज वाटावी, असं तिला कित्येक वर्षं वाटत आलं होतं. आता ती वेळ आली आणि तिला ते बघवेना.

ती कॅमेऱ्याच्या आडवी येऊन उभी राहिली.

“बळीरामनं नाय इकलं,” ती म्हणाली. “बळीराम जीव देईल, पन शेत नाय देनार. लय चांगला मानूस हाय बळीराम.”

“मंग कोनी इकलं?”

“या टोपीवाल्यानं.”

बळीरामने पायातली चप्पल काढली आणि नेम धरून फेकली. ती चारुदत्तच्या खांद्यावर बसली. त्या शहाण्याला रागवायचंही कळलं नाही. तो हिरोकडे वळून म्हणाला, “बघितलंस? असं जेन्युइन पाहिजे.” मग संध्याकाळपर्यंत हिरो बट सावरत चप्पल फेकायचा सराव करत बसला.

घरी हौसाने तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. बळीरामने भाकरी मोडून अर्धी बाजूला ठेवली.

“ती कोनाला?”

“बळीरामला. चांगला मानूस हाय म्हनलीस ना तू? उपाशी असंल.”

“खुळे हाव तुमी. खावा ती.”

तो काही केल्या खाईना. हौसा भाकरी घेऊन ओटीवर गेली, अंधारात जराशी उभी राहिली आणि परत आत आली.

“बळीराम जेवला हाय,” ती म्हणाली. “ही तुमालाच दिली त्यानं.”

बळीरामने भाकरी दोन्ही हातांनी घेतली. “खरंच चांगला मानूस,” असं म्हणून तो खाऊ लागला. खाता खाता थांबून त्याने विचारलं, “आपल्याकडं कवा येनार तो?”

त्याच्या सदऱ्यावर पडलेला तुकडा उचलून हौसाने त्याच्या ताटात ठेवला.