मनोऱ्यावरचा मेव्हणा

उच्चदाब वाहिनीचं काम नदीपर्यंत आलं होतं. काठावरच्या मनोऱ्यावर दाजी चढले होते. खाली त्यांचा मेव्हणा तार ओढायच्या यंत्रावर, विंचवर, बसून त्यांच्या इशाऱ्याची वाट बघत होता. दोघांचं फारसं जमत नसे. मेव्हण्याला कामावर लावलं दाजींनीच, पण चारचौघांत झापायचेही तेच.

इशारा काही येईना. बाकीच्यांना वाटलं, दाजी जोड तपासतायत. मेव्हण्याला मात्र दिसलं की त्यांचा हात मघापासून एकाच जागी आहे. त्यानं विंचचा ब्रेक आवळला, पट्टा चढवला आणि वर निघाला.

दाजी मनोऱ्याच्या आडव्या दांड्यावर बसले होते. लोखंड दोन्ही हातांनी कवटाळलेलं, चेहरा पांढराफटक.

"काय दाजी, मुक्काम करताय का इथं?"

"हात सुटत नाहीत रे," दाजी हळूच म्हणाले. "खाली बघितलं आणि काय झालं कळलंच नाही."

इतकी वर्षं मनोरे चढलेला माणूस. मेव्हणा शेजारी बसला आणि त्यानं आपल्या पट्ट्याची कडी अडकवली.

"ताई म्हणत होती, स्वयंपाकघरातला नळ गळतोय."

"हे आत्ता बोलायचंय तुला?"

"मग कधी? खाली तुम्ही मला बोलू देता का?"

दाजी चिडून म्हणाले, "वॉशर आणलाय मी. बसत नाही. मोठा आहे."

"मोठा म्हणजे केवढा?"

"एवढा," म्हणत दाजींनी बोटं गोल करून दाखवली. मग दोघांनीही त्या सुटलेल्या हाताकडे बघितलं.

उतरताना मेव्हणा एक पायरी खाली राहिला. दाजींचा एकेक पाय धरून तो पायरीवर ठेवत गेला.

खाली येताच मेव्हण्यानं सगळ्यांना सांगितलं, "बोल्ट अडकला होता."

"बोल्ट नाही," दाजी म्हणाले. "मी घाबरलो होतो." कुणी हसलं नाही. एकानं पाण्याची बाटली पुढं केली.

घरी बायकोला सांगताना त्यांची नजर जमिनीवर होती. ती म्हणाली, "हल्ली कुलूप लावलं तरी तीनतीनदा ओढून बघता. तुम्ही सांगायची वाट बघत होते मी."

"आधी विचारायचंस की."

"विचारलं असतं तर कबूल केलं असतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांकडून विंचवरचं काम मागून घेतलं. वर मेव्हणा गेला. खालून तो एवढासा दिसत होता, आणि इथं बसून बघणं चढण्यापेक्षा अवघड आहे हे दाजींना पहिल्यांदाच कळलं. इशारा आला. त्यांनी तार इतकी जपून ओढायला घेतली की वॉकीटॉकी खरखरला.

"दाजी, या वेगानं तार पलीकडे जाईपर्यंत मला नातवंडं होतील."

"आधी लग्न कर," दाजी म्हणाले आणि त्यांनी वेग थोडासा वाढवला.