जानराव सरांचा दात

भागचंद सराफांनी उभ्या आयुष्यात सोनं पारखलं, चांदी पारखली, मोती पारखले. पण दात पारखायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आणि दात तरी कुणाचा, तर डायनासोरचा!

वाशीमच्या एका मंगल कार्यालयात खड्यांचं प्रदर्शन लागलं होतं. पोवळी, स्फटिक, रंगीत गोटे यांच्या गर्दीत एका टेबलावर काचेच्या डबीत तो दात ठेवला होता. बोटाएवढा लांब, तपकिरी, थोडा वाकलेला. शेजारी सरिता उभी होती, जानराव सरांची मुलगी. वाशीमजवळच्याच मालेगावच्या ज्या शाळेत सरांनी जन्मभर विज्ञान शिकवलं, तिथेच ती आता शिकवते. सर फळ्यावर डायनासोरचा दात काढायचे आणि पोरांना म्हणायचे, "एक दिवस खरा आणून दाखवतो तुमाले." तो दिवस आलाच नाही. गेल्या दिवाळीनंतर सर गेले. मग जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, सरांचा शब्द आपण पुरा करायचा. खरा दात घ्यायचा, शाळेत ठेवायचा आणि खाली सरांचं नाव लिहायचं. घ्यायचं काम सरितेवर आलं आणि ती थेट भागचंदकाकांना घेऊन इथे आली.

"काका, तुमीच पाहा," ती म्हणाली. "खोटा निघाला तं बाबांचं नाव खोट्या दाताखाली लागन."

हे भागचंदांच्या जिव्हारी लागलं. जानराव आणि ते शिरपूरच्या शाळेत एकाच तरटावर बसलेले. पुढे मालेगावात रोज संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर दोघांचा चहा आणि ठरलेला वाद, डायनासोरचा दात म्हणजे हाड की दगड. "हाडाचा कण न् कण गेला, त्याच्या जागी गोटा भरला. आता गोटाच हाये तो," जानराव समजावायचे. "जीव होता ना त्याच्यात? मंग हाडूकच!" भागचंद म्हणायचे. भागचंदांच्या ज्या जैन घरात कांदा उंबरा ओलांडत नव्हता, तिथे हाडकाचं नाव काढलं असतं तर अंगुरीबाईंनी नवऱ्यालाच बाहेर उभं केलं असतं. वाद कधी मिटला नाही. मिटवायची घाईही कुणाला नव्हती. मिटला असता तर दुसऱ्या दिवशी बोलायचं काय? आज दात समोर होता आणि भांडायला जानराव नव्हता. भागचंदांना फार एकटं वाटलं.

रुमालात धरूनच त्यांनी दात उचलला आणि डोळ्याला भिंग लावलं. सरितेनं मोबाईलचा उजेड धरला.

"असली है सेठजी, सौ टका," जयपूरचा व्यापारी म्हणाला.

टोक खरोखर झकास होतं. कडेला करवतीसारखे बारीक दाते, चकाकी आतून आलेली. पण खाली सरकता सरकता भागचंदांचा हात थांबला. मधोमध वाळू थापल्यासारखा एक खरबरीत पट्टा होता. टोकाकडून आलेल्या बारीक चिरा त्या पट्ट्याशी येऊन थांबत होत्या, पलीकडे जातच नव्हत्या. मोडलेल्या दागिन्याला डाग देऊन जोडलं की सराफाला ते लपत नाही. व्यापाऱ्याला विचारून त्यांनी सुई तापवली आणि पट्ट्याला टेकवली. प्लास्टिक जळाल्याचा वास सुटला.

"दोन दातांचं लगन लावून देल्लं हाये कोणीतरी," भागचंद म्हणाले. व्यापाऱ्यानं डबी मागे घेतली.

सरितेचा चेहरा उतरला. "चला काका. सांगतो पोरायले, नाही भेटला."

पण भागचंदांची नजर टेबलाच्या कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर गेली होती. त्यात मोडके दात पडले होते. एक त्यांनी उचलला. बुटका, टोक गेलेलं, बूड तुटलेलं. त्याला नटवायची तसदी कुणी घेतली नव्हती. चिरा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होत्या. सुईनं वासही आला नाही. पण वास तर कोरलेल्या दगडालाही येत नाही. घोडं पेंड खात होतं ते इथेच.

"बाबा सांगायचे, तुटलेल्या बाजूले जीभ लावायची," सरिता म्हणाली. "आतमधी हाडाची बारीक छिद्रं असली तं जीभ चिकटते. साध्या गोट्याले नाही चिकटत. आना, मी लावतो."

भागचंदांनी हात आडवा केला. जानरावचं नाव लागायचं होतं. तिथे दुसऱ्याच्या जिभेवर कसं सोडायचं? पण ज्या जिभेला जन्मात कांदा शिवला नाही, तिच्यावर हे? त्यांनी डोळे मिटले. 'गोटाच हाये म्हणत होता ना तू, जानराव? तुया भरोशावर लावतो.'

जीभ चिकटली.

आणि पाठोपाठ चव आली, गार, कोरडी, मातकट. भागचंद एकदम पहिलीत जाऊन बसले. पाटीवरची पेन्सिल! असंच जिभेला धरून ठेवायची ती. भागचंदनं पेन्सिल खाल्ली का, ते त्याची आई रोज तपासायची, म्हणून जानराव आपलीच कडकन मोडायचा आणि अर्धी याच्या हातावर खायला ठेवायचा. एवढ्या वर्षांत ही चव एकदाही आठवली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले.

"काय झालं काका? खोटा हाये काय?"

"खरा हाये," भागचंद म्हणाले. दात तिच्यापुढे धरला. "लावून तं पाह्य."

सरितेनं जीभ लावली आणि तिला हसू फुटलं. "पेनशील! काका, रिटायर होईपर्यंत खाल्ली बाबांनं. आई बोलायची, तरी खिशात असायचीच. पण एक गंमत सांगू? खायच्या आंधी दरवेळी मोडत. अर्धी खात अन् अर्धी तशीच ठेवत. कोणासाठी ठेवता, म्हटलं तं काहीच बोलत नव्हते."

"ती अर्धी माही होती, पोरी," भागचंद म्हणाले.