उकिरड्यावरची घासाघीस

ओदीलने वाकून उकिरड्यावरची मुलगी उचलली आणि तिच्या पायाला चिकटलेला कोंडा फुंकरीने उडवला.

करायचं फार थोडं होतं. पोर उचलायची आणि मोठ्याने विचारायचं, "हा कुणाचा कचरा?" मग कुडाआडून आझेता येणार, गयावया करणार, थोडी घासाघीस होणार आणि मूठभर बाजरीच्या बदल्यात पोर पुन्हा आईच्या कुशीत. आझेताची आधीची तीन लेकरं नाव ठेवायच्या आतच गेली होती. आता मरणाला वाटायला हवं होतं की ही फेकून दिलेली चीज आहे, आईलासुद्धा नको असलेली. उचलणारी मात्र परकी हवी, जिचे पूर्वज या मातीत नाहीत अशी. दवाखान्यातली गोरी नर्स ओदील गावच्या म्हाताऱ्यांना चालत होती. आझेताला तर तीच हवी होती.

"जन्मताना तुझाच हात तिला पहिल्यांदा लागला, बाई. तूच उचल," असं ती काल तीनतीनदा म्हणाली होती.

ऊन आत्ताच चटके देत होतं. बायकांच्या घोळक्यामागे ओदीलचा नवरा बेन्वा टोपी हातात धरून उभा होता. दोघं बेल्जियमहून स्वयंसेवक म्हणून आले होते. तिने दवाखाना सांभाळला, त्याने गावासाठी दोन बोअर मारल्या. दोन्हींतून धूळच वर आली. त्यांची मुदत आता संपली होती. शुक्रवारी संस्थेची गाडी न्यायला येणार होती.

"हा कुणाचा कचरा?" ओदीलने विचारलं.

"माझा गं, माये! चुकून टाकला!" आझेता धावत आली आणि गुडघ्यांवर बसली. "दे मला. मूठभर बाजरी देते."

"नाही."

बायका खूश होऊन हसल्या. घासाघीस जितकी लांबेल तितकं बरं, मरण तितकं फसतं.

पाण्याच्या पिंपांची गाढवगाडी हाकत म्हातारा तोए तेवढ्यात तिथे पोचला. तो सामो जमातीचा, गाव मोशी जमातीचं. सामो आणि मोशी एकमेकांना गुलाम म्हणतात, वाटेल ते बोलतात आणि कुणी राग धरत नाही. वाडवडिलांनी तसं ठरवूनच ठेवलंय.

"काय गं, मोशी आता उकिरड्यावर पोरं वाळत घालायला लागले का?"

"पुढे हो, कुत्रेखाऊ!" आझेताची सासू ओरडली.

"कुत्रं निदान भुंकून घराची राखण करतं, मगच आमच्या पोटात जातं. तुम्ही गाढवाकडून ओझी वाहून घेता आणि शेवटी त्यालाच शिजवता. म्हणून तर मी गाडीवरून उतरत नाही!"

पुन्हा हशा पिकला. त्या हशातच आझेता म्हणाली, "बरं, कोंबडी देते."

"नाही."

"मेंढी!"

आझेताकडे मेंढी नव्हती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. "अगं, ही तर बाजारातल्या व्यापारणींना विकून खाईल!" कुणीतरी म्हणालं.

"विकायची नाही," ओदील म्हणाली.

बायकांनी टाळ्या पिटल्या. आझेताचं हसू मात्र तिथेच थांबलं. ओदीलने मुलीचं डोकं हनुवटीखाली घेतलं होतं. विकायचा माल कुणी असा धरत नाही. आणि शुक्रवारची गाडी आझेतालाही माहीत होती.

बेन्वा घोळक्यातून पुढे आला. "ओदील, दे तिला," तो त्यांच्या भाषेत हळूच म्हणाला.

"आणि तिला इथे ठेवून मी जाऊ?"

"ही मायेल नाही."

"माहीत आहे मला."

मायेल त्यांची मुलगी. याच गावात जन्मली आणि गेल्या उन्हाळ्यात, रांगायला लागायच्या आत, मेंदूज्वराने गेली. दवाखान्यामागच्या गोरखचिंचेखाली तिला पुरलं.

मुलगी ओदीलच्या झग्यावर तोंड घासू लागली, काही मिळेना तेव्हा कुरकुरली. आझेताचे हात आपोआप वर गेले आणि तसेच राहिले.

"काय हवं तुला?" तिने विचारलं. आता तिचं बोलणं खेळातलं नव्हतं. "माझ्याकडे असेल असं काहीतरी माग."

ओदीलने दवाखान्याच्या दिशेने पाहिलं.

"मायेलसाठी कुणी रडलं नाही," ती म्हणाली. "तिच्यासाठी रडा. मग घेऊन जा."

हसणं थांबलं. या गावात तान्ह्या लेकरासाठी रडत नाहीत. रडलं तर त्याची पुन्हा जन्माला परतायची वाट चिखलाने भरते आणि मागून येणारंही वाटेत अडकतं. मायेलच्या दफनाला सगळं गाव आलं होतं. चर्चचा म्हातारा उपदेशक गाऊन उपदेश करायचा. त्याची एकेक ओळ बायका अशा झेलायच्या, की देव दाराशी येऊन ऐकतोय असं वाटावं. त्या दिवशी तो एकटाच गायला. कुणीच ओळ झेलली नाही. ओदील आणि बेन्वाही रडले नाहीत. गावाची रीत आपण मोडायची नाही, असं दोघांनी आदल्या रात्रीच ठरवलं होतं.

"पोरी, असलं काही मागू नये," सासू म्हणाली. मग सुनेकडे वळली. "खबरदार आझेता. तीन लेकरांचं रडू गिळलंस, तसं आताही गीळ. रडलीस तर हीसुद्धा जाईल."

आझेताने खालचा ओठ दातांत धरला. ती मुलीकडे बघत होती. मुलगी आता रडत होती, आणि उन्हाने तिचा आवाज बारीक होत चालला होता.

तोए गाडीवरून उतरला. उकिरड्याच्या राखेत त्याने बैठक मारली, डोक्यावरची टोपी भिरकावली आणि ऊर बडवायला सुरुवात केली.

"अगं माझ्या मोशी गुलामांच्या लेकी! कुठे गं गेलीस मला टाकून! आता माझं अंगण कोण झाडणार! माझ्या कालवणातलं कुत्रं कोण ढवळणार!"

"लाज नाही वाटत, सोंगाड्या?" सासू किंचाळली. "मरणाला ऐकू जाईल!"

"जाऊ दे की. मोशीसाठी सामोचं रडणं मरण कधी खरं धरतं का?" म्हाताऱ्याने एक डोळा उघडून आझेताकडे पाहिलं, तो मिटला आणि आणखी वरचा सूर लावला. "अगं माझ्या राणी!"

त्या गदारोळात आझेता खाली बसली. तिचं तोंड उघडलं. त्यातून काय बाहेर पडलं ते कुणाला ऐकू आलं नाही, खांदे तेवढे हलताना दिसले. मग तिच्या शेजारची बसली. मग आणखी एक. सासूने सगळ्यांकडे पाठ फिरवली आणि कुडाची काटकी घट्ट धरली.

ओदील गुडघ्यांवर आली. तिने मुलीला आझेताच्या मांडीवर ठेवलं. मुलीने लगेच छाती शोधली. ओदीलचे हात रिकामे झाले, तरी तसेच वाकलेले राहिले. आझेताने मूठभर बाजरी त्यांत ओतली, कारण व्यवहार पुरा व्हायलाच हवा होता.

तोए श्वास घ्यायला थांबला.

त्या शांततेत बेन्वाचा हुंदका सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला.

म्हाताऱ्याने घाईघाईने पुन्हा ऊर बडवायला घेतला.