नात्याचा रकाना

कहकशांनं फॉर्म टेबलावर ठेवला आणि किशनरावांनी मागवलेली भज्यांची बशी हलकेच बाजूला सारली.

"नव्या प्राधिकरणात भज्याला बी बंदी हाय का?" किशनरावांनी विचारलं.

"तपासणीला आलं की पाणी बी घरचंच, मामा."

पर्यावरण प्राधिकरणाचं कार्यालय लातुरात उघडून दोनच महिने झाले होते. तिथं अधिकारी झालेल्या या पोरीला बारावीच्या वर्षी क्लासला किशनरावांनीच स्कूटरवरून सोडलं होतं. त्यामुळे आपल्याकडे तीच येणार हे कळल्यापासून ते निर्धास्त होते. त्यांच्या तेलाच्या कारखान्यातलं पाणी शुद्ध करणारं यंत्र महिनाभर बंद होतं आणि घाण थेट ओढ्यात चालली होती. सापडलं तर कारखान्याला टाळं लागलं असतं.

फॉर्म साधा होता. अधिकाऱ्याचं मालकाशी नातं असेल तर ते त्यानं लिहायचं, मालकानं मान्य किंवा अमान्य करायचं. मान्य झालं की तपासणी दुसऱ्याकडे. कहकशांनं लिहिलं होतं, 'मानलेले मामा'.

"म्हंजे तू न्हाई तपासणार?"

"तुम्ही मान्य केलं तर न्हाई. नांदेडहून वीरभद्र साहेब येतील, सोमवारी."

"कसा हाय माणूस?"

"लई कडक."

मुनीम श्रीमंत मालकांच्या कानाशी वाकला. हळू बोलणं मात्र त्याला कधीच जमलं नव्हतं.

"अमान्य लिहा की, मालक. ना रक्ताचं, ना धर्माचं. घरचीच पोरगी तपासंल."

कहकशां खिडकीबाहेर बघत राहिली. तिचा सख्खा मामा किशनरावांचा ड्रायव्हर होता, भूकंपात गेला. पुढच्या राखीला तिची आई हसीना दाराआड रडत बसली होती. तेव्हा किशनराव औशाहून आले आणि त्यांनी राखीसाठी हात पुढे केला. त्यानंतर एकही राखी चुकली नव्हती. माणूस धंद्यात लबाड होता, पण तिचा फार जीव होता त्यांच्यावर.

किशनरावांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"अमान्य लिहिलं तर?"

"लिहा. आईला काय सांगू, तेवढं सांगा."

किशनराव मुनिमाकडे वळले.

"श्रीमंत, मिस्त्रीला बोलाव. यंत्र आजच खोलायला लाव."

मग त्यांनी 'मान्य'पुढे खूण केली, वरच्या ओळीतला 'मानलेले' हा शब्द दोन रेघांनी खोडला आणि खोडलेल्या जागी, नियमाप्रमाणे, सही केली.