शुद्धिपत्राची पट्टी

ती पट्टी एका कडेनेच चिकटवलेली होती. बोट लागले की कागदाची जीभ हलावी तशी हलत होती. कुणाचा एक आकडा चुकला होता, कुणाच्या नावातले एक अक्षर... विलायतेतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या मंडळाने, आगबोटीने आलेल्या या नव्या अंकात, त्या चुका निमूटपणे पदरात घेतल्या होत्या. जगदेवरावांना मासिकातली ही पट्टी सर्वांत प्रिय. चूक कबूल करण्यात लाज नाही अशी दुसरी जागा त्यांना ठाऊक नव्हती. आणि आता तिथेच एक खोटे चिकटवायचे होते, त्यांच्या सहीने.

मागच्या अंकात त्यांचे निरीक्षण छापून आले होते. चंद्राच्या काळोख्या कडेआड तारा गेला तो क्षण, आणि पाहणारा उभा होता ती जागा : देवास, थोरली पाती. जागा खरी होती. पण गाव एक असले तरी राज्ये दोन, मधे रस्ता. आणि जगदेवराव धाकट्या पातीचे ओव्हरसियर.

"पगार धाकट्या पातीचा आणि तारा थोरल्या पातीला?" सकाळी कचेरीत कारभारी बापूसाहेबांनी विचारले होते. आवाज चढवला नव्हता. "पलीकडची मंडळी पानसुपारीला बोलावून मला ते पान दाखवतात, राव."

"दुर्बीण बहिणीच्या गच्चीवर होती, साहेब. माझ्या घरावर कडुलिंब आड येतो."

"मग कडुलिंब तोडा. तोवर दोन ओळींचं पत्र लिहा. जागा चुकली, धाकटी पाती असं वाचावं. सोमवारच्या टपालात पडू द्या. नाहीतर पगारही रस्त्यापलीकडूनच मागा."

दोन ओळी... जगदेवरावांनी दुपारभर त्या मनात लिहिल्या आणि खोडल्या. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जमीन मोजण्याची साखळी ओढताना शिकवले होते, की चूक प्रत्येक मोजणीत असतेच. ती किती असू शकेल ते सांगावे, म्हणजे मोजणी खरी. त्यांनी हिशेब करून पाहिला. ताऱ्याच्या उजेडातली चंद्राची सावली एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर पोचते ती आपला डोळा आणि घड्याळाच्या खटक्यावरचा अंगठा यांच्यात जेवढा वेळ हरवतो त्याच्या आतच. म्हणजे ते खोटे त्यांच्या चुकीच्या पोटात सहज मावत होते. कुणाचे गणित बिघडणार नव्हते, कुणाला कधी कळणार नव्हते — आणि हेच जीवघेणे होते. काही बिघडत असते तर नाही म्हणायला आधार तरी मिळाला असता. धारला, जुन्या नोकरीवर परतावे? तिथली त्यांची जागा केव्हाच भरली होती. आणि तिथे गेले तरी पत्र मागणारा कुणीतरी असेलच... आपण गाव बदलतो, भिंती सोबतच येतात.

तिन्हीसांजेला ते रस्ता ओलांडून बहिणीच्या गच्चीवर आले. आज पुन्हा एक तारा झाकला जाणार होता. दुर्बीण लावून होते तोच सगुणाबाई ताकाचा पेला घेऊन वर आली.

"सही केलीस, जगू?"

"नाही, ताई."

"करून टाक. या गावात आम्ही पाणीसुद्धा पाती विचारून पितो, तुझा चंद्रच तेवढा सोवळा? घे, ताक घे. थोरल्या पातीचं आहे, जपून."

ती हसत खाली गेली. त्यांनी डोळा नळीला लावला, अंगठा घड्याळाच्या खटक्यावर ठेवला. चंद्राची कोर, तिच्यापुढे न दिसणारी काळी कड, आणि त्या कडेला येऊन भिडलेला तारा. पूर्वी अशा वेळी मनात काहीच नसे. आज कुणीतरी आत विचारत होते, मी कुठे उभा आहे? या विटांवर, की रस्त्यापलीकडे, कडुलिंबाखाली, जिथे सोमवारी मला उभे राहायचे आहे... तारा होता, होता... आणि नव्हता.

अंगठा खटक्यावर तसाच होता.

आजवर असे कधी झाले नव्हते. त्यांनी दुःखाची वाट पाहिली. ते आले नाही. आला एक हलकेपणा : क्षण टिपलाच नाही, म्हणजे लिहायचे नाही, म्हणजे जागाही सांगायची नाही. आणि तो हलकेपणा इतका सोयीचा, पूर्वीपासून ओळख असल्यासारखा वाटला, की ते मनातून दचकले. तरी डोळा काढला नाही. जिथे आता काहीच नव्हते त्या काळ्या कडेकडे ते काळजीपूर्वक पाहत राहिले.