न बदललेला सेन्सर

कवठे महांकाळात माझं गॅरेज रायगोंडा अण्णांच्या पेट्रोल पंपासमोर आहे. त्यामुळं आकाराम आबांनी तिथं घातलेला गोंधळ मी रस्त्यापलीकडून पाहिला होता. आबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, अण्णांचे शाळेपासूनचे सोबती. आठवडी बाजाराचा दिवस, पंपावर गाड्यांची रांग, आणि आबा सगळ्यांदेखत म्हणत होते, "भेसळ करतोयस तू. सांगलीच्या सर्व्हिस सेंटरनं कागदावर लिहून दिलंय."

अण्णांनी तिथल्या तिथं फिल्टर कागदावर पेट्रोलचा थेंब टाकून दाखवला. थेंब उडून गेला, भेसळीचा डाग राहिला नाही. "कागद बी तुझाच," म्हणून आबा निघून गेले. त्यानंतर पंपावरची काही नेहमीची गिऱ्हाइकं तुटली. बाहेर खुर्ची टाकून बसणारे अण्णा केबिनीत बसू लागले.

तीन आठवड्यांनी आबा गाडी घेऊन माझ्याकडं आले.

"राजेश्वरी, इंजिनचा दिवा परत लागलाय बघ. आता तर मी मिरजेत पेट्रोल भरतोय. तरी गाडी लय पितीय."

स्कॅनर लावला. दोष आला ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा. हा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसतो आणि धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते इंजिनला कळवतो. पण तापल्याशिवाय त्याला काही कळत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक छोटा हीटर असतो. तो गेला की गाडी अंदाजानं पेट्रोल ओढत राहते.

"आबा, हा सेन्सर कधी बदललाय का?"

"गेल्या म्हयन्यातच की. बिलावर हाय. भेसळीच्या पेट्रोलनं खराब झाला म्हणाले, म्हणून तर वॉरंटीत दिला न्हाई."

महिनाभरात नवा सेन्सर गेला असेल तर दोष वायरिंगमध्ये असणार, असं मला वाटलं. कनेक्टर सोडवून चावी फिरवली. गाडीकडून बारा व्होल्ट व्यवस्थित येत होते. मग सेन्सरच्या बाजूनं हीटरच्या दोन तारांना मीटर लावला. हीटर चांगला असेल तर मीटर थोडे ओहम दाखवतो. इथं काहीच नाही. हीटरची तार आतून तुटली होती. वाईट पेट्रोलनं सेन्सरच्या टोकावर थर चढतो. हीटर तुटतो तो वयानं, नाहीतर धक्क्यानं.

गाडी लिफ्टवर घेतली. सेन्सरचा नट गंजानं पाइपाला एकजीव झाला होता. कारखान्यात मारलेली रंगाची खूणसुद्धा शाबूत होती. त्यावर पाना लागलेलाच नव्हता. तेल मारून, तासभर झटून तो काढला. सेन्सरच्या अंगावर चार वर्षांपूर्वीचं साल होतं, गाडी घेतली तेच.

मी सेन्सर आबांच्या हातात दिला. "हा बदललेला नाही. नुसता स्कॅनरवरनं दोष पुसलाय. चार दिवस दिवा विझतो, मग परत लागतो."

मी स्वतः दोन वर्षं दुसऱ्या शहरात अशाच ठिकाणी काम केलंय. काय चालतं ते मला माहीत होतं, तरी माझे कान तापले. आबा मात्र सेन्सर हातात धरून रस्त्यापलीकडं बघत होते.

"म्हंजे रायगोंडानं काय केलंच नव्हतं," ते म्हणाले.

नवा सेन्सर बसवला, दिवा गेला. दुसऱ्या दिवशी जुना सेन्सर घेऊन आम्ही दोघं सांगलीला गेलो. मॅनेजर गोड बोलणारा होता. त्यानं आधी कॉफी मागवली.

"सर, टेक्निशियनकडून राहून गेलं असेल. आपण पैसे परत करू. पुढची सर्व्हिसिंग आमच्याकडून."

"राहून गेलं तर बिलात कसं आलं?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. "सर, मॅडमना आमची प्रोसेस माहीत नसेल."

"तिनंच शोधलंय," आबा म्हणाले. "तिच्याकडं बघून बोल. अन् पैशाचं ऱ्हाऊ दे. पेट्रोलात भेसळ हाय असं कशावरनं लिहिलंस? तपासलं होतंस?"

तपासलं नव्हतं. वॉरंटी नाकारायला तसं लिहायची पद्धत होती, एवढंच.

"मग ते खोटं व्हतं, असं लिहून दे. सही-शिक्क्यानिशी."

त्याला वरून परवानगी लागणार होती. आबांनी टेबलावर सेन्सर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, हे काय. आबा आवाज न चढवता पहिल्यापासून सांगायचे. दोन जणांनी आपापली बिलं काढून बघायला सुरुवात केली. दुपारी चारच्या सुमारास परवानगी आली. पत्र मिळालं.

परत आल्यावर आबा थेट अण्णांच्या केबिनीत गेले. मी दारात थांबले. अण्णांनी चष्मा लावून पत्र वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"हे मला कशाला दाखवतोस? मला ठावंच व्हतं. त्या दिवशी पन्नास माणसं उभी व्हती. त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगतो."

"आणि तू? एका परक्या मॅनेजरचं ऐकलंस. मला एकदा तरी इचारायचंस."

आबांनी पत्र खिशात ठेवलं.

पुढच्या बाजारी आबा इस्त्रीचा सदरा घालून, गाडी घेऊन पंपावर आले. रांग भरलेली होती. त्यांनी पत्र वाचून दाखवलं, आणि पुढं म्हणाले, "लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं. पर ते हितं येऊन बोललो मी. चूक माझी हाय." काहींनी ऐकलं, काहींनी आपली वेळ जातेय म्हणून हॉर्न वाजवले.

अण्णा केबिनीतून बाहेर आले. नोझल घेऊन त्यांनी आबांच्या गाडीची टाकी स्वतः भरली. आबा काही बोलायला गेले, तर म्हणाले, "आज नको. राग हाय अजून. गाडी फुडं घे, मागं माणसं थांबल्याती."